चाळीस रोपांची रात्र

१

सहा वाजले, भिंतीतला खटका पडला आणि अंधारखोलीत दिवस उजाडला.

दिवस म्हणजे रोपांचा. माणसांचा तेव्हा मावळायला आला होता. धान्य संशोधन केंद्रातल्या या खोलीचं घड्याळ जगाच्या उलट चालायचं. पहाटे चारला दिवे विझायचे, संध्याकाळी सहाला आपोआप लागायचे आणि मधले चौदा तास आतल्या भाताच्या रोपांची रात्र असायची. खोलीला खिडकी नव्हती, दिव्यांना बटण नव्हतं. मोबाइल बाहेरच्या लाकडी पेटीत टाकूनच आत जायचं, आणि उजेड लागलाच तर दाराशी खुंटीवर टांगलेला मिणमिणता हिरवा दिवा घ्यायचा, कारण तेवढा हिरवा उजेड रोपांना जाणवत नाही. दुसरा कुठलाही उजेड आत नेणं म्हणजे नुकत्याच झोपलेल्या तान्ह्या बाळाच्या उशाशी ताट आपटण्यासारखं होतं.

हे सगळं जिला झोपेतही पाठ होतं, तिला केंद्रात सगळे 'सुई' म्हणायचे. रोपाच्या पोटात खसखशीच्या दाण्याहून लहान शेंडा असतो. तो सुईनं सोलून काढायचा आणि तो पुढे पान धरणार की लोंबी, हे सूक्ष्मदर्शकाखाली बघून सांगायचं, हे तिचं काम. नाव तिला होतं, पण पगारपत्रकापलीकडे त्याचा कोणाला उपयोग पडला नव्हता.

सहाचा खटका ऐकून तिनं दार ढकललं. चाळीस कुंड्यांची लोखंडी गाडी जागच्या जागी होती. गाडीपाशी एक स्टूल उलटं पडलं होतं, आणि स्टुलापलीकडे सर पडले होते.

सर म्हणजे केंद्राचे प्रमुख. त्यांचं डोकं गाडीच्या कोपऱ्याखाली होतं, डोळे उघडे होते आणि हिरवा दिवा छातीखाली दबून अजून जळत होता. सुईनं त्यांच्या मनगटाला हात लावला. मनगट आखडलेलं होतं.

ओरडायच्या आधी तिला गाडीच्या चाकाआड आणखी एक वस्तू दिसली. कपाळाला बांधायची बॅटरी. तिचा पट्टा तुटला होता म्हणून त्याला जाड निळ्या कापडाची पट्टी जोडलेली होती. ती पट्टी सुईनंच शिवली होती, स्वतःच्या नवऱ्यासाठी.

तिनं बॅटरी उचलली, कोटाच्या खिशात कोंबली, आणि मग ओरडली.

२

तपासाला आलेल्या निरीक्षकबाई ठेंगण्या, स्थूल आणि सतत खोकल्याची गोळी चघळणाऱ्या होत्या. पहिल्याच वाक्यात त्यांनी जाहीर केलं, "माझा भाताशी संबंध ताटापुरता. तेव्हा जे सांगाल ते शाळेतल्या पोरीला सांगतात तसं सांगा."

सुई तेव्हा चार कुंड्या काखोटीला मारून दाराकडे निघाली होती. तिचे हात तिच्या नकळत रोजचं काम करत होते.

"अहो, अहो! हे कुठं?"

"दर खेपेतल्या चार कुंड्या मी सुईनं शेंडा सोलून बघायला काढून ठेवते, बाई. आजच मोठ्या दिवसाच्या दिव्यांखाली नेल्या नाहीत, तर त्यांना दुसरी रात्र मिळेल आणि मग या रात्रीचं काही सांगता येणार नाही."

बाईंनी तिच्या पांढऱ्याफटक चेहऱ्याकडे पाहिलं. त्यांना दया आली की कुतूहल वाटलं, कोण जाणे. "पंचनाम्यात लिहून घ्या," त्या शिपायाला म्हणाल्या. "चार कुंड्या. आणि प्रत्येकीच्या बुडाला कागद चिकटवा, मी सही करते. आता बसा, आणि मला सांगा, तुमचे सर अंधारात बसून करत काय होते?"

सुईनं सांगितलं. भाताचं रोप रात्र मोजतं. रात्र पुरेशी लांब झाली की त्याच्यातली जनुकं जागी होतात, पान तयार करतं तो निरोप शेंड्याला पोचतो आणि शेंडा पानं धरायचं सोडून लोंबी धरतो. पण त्या रात्रीच्या ऐन मध्यावर पाव तास जरी उजेड पडला, तरी रोपाला वाटतं रात्र संपली, आणि निरोप जात नाही. बहुतेक भातांना अशा कितीतरी रात्री लागतात. सरांनी आयुष्य घालवून असं वाण काढलं होतं की त्याला एकच रात्र पुरे. त्याचं नाव त्यांनी 'एकरात' ठेवलं होतं.

"आणि ही चाळीस?"

सुई अडखळली. ही चाळीस रोपं एकरातचीच, पण उपप्रमुख साहेबांनी बदललेली. रात्र मोजणारं जनुक आपण त्यांच्यात झोपवलं आहे, आता ती रात्रीला जुमानत नाहीत, असा साहेबांचा दावा होता. तो छापून आला होता. सर निवृत्त झाल्यावर साहेबांना प्रमुखपद मिळणार होतं, ते त्याच जोरावर.

"मग सरांना काय बघायचं होतं?"

"सर म्हणाले, पोरी, यांना एक रात्र देऊन बघू. रोपं गप्प राहिली तर माझी शंका चुकीची. लोंबी धरली, तर जनुक झोपवलेलंच नाही."

निरीक्षकबाईंनी गोळी या गालातून त्या गालात सरकवली. "आणि हे कोणाकोणाला ठाऊक होतं?"

सुई उत्तर द्यायला तोंड उघडणार, तोच दारातून कोठारकाकांचा आवाज आला. त्यांना ऐकू कमी यायचं, त्यामुळे बोलायचे ते साऱ्या इमारतीला ऐकू जाईल असं. "वायरमनला बोलवा! परवाच तो सरांना म्हणाला होता, एक दिवस या अंधारातच पडाल म्हणून!"

सुईच्या खिशातली बॅटरी एकाएकी विटेएवढी जड झाली. वायरमन म्हणजे तिचा नवरा.

३

जबाब सरांच्याच खोलीत झाले. शास्त्राचा शब्द अडला तर सोडवायला म्हणून बाईंनी सुईला कोपऱ्यात बसवून घेतलं. तिची पाचावर धारण बसली होती आणि ती हात मांडीखाली दाबून बसली होती.

कोठारकाकांकडे बियाण्याच्या कोठाराची किल्ली होती आणि बसायची जागा बोळाच्या तोंडाशी. त्यांनी दहा वाजता सरांना अंधारखोलीकडे जाताना पाहिलं. "हातात स्टूल होतं. म्हटलं, सर, आज बैठक? तर म्हणाले, आज राखण करायची आहे."

"कशाची राखण?"

"अं?"

"राखण कशाची?" बाई ओरडल्या.

"ते नाही सांगितलं. डबा माझ्यापाशी ठेवून गेले. साडेबाराला येतो म्हणाले. आले नाहीत. मी म्हटलं, कामात जेवण विसरले असतील, नेहमीचंच आहे." काकांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "मी जाऊन बघायला हवं होतं."

मग उपप्रमुख साहेब आले. उंच, स्वच्छ, हलक्या आवाजाचा माणूस. डोळे सुजलेले होते. खुर्चीत बसताच त्यांनी स्वतःहून गुन्हा कबूल केला, पण भलताच.

"मी एक वाईट काम केलंय, बाई. मला साडेअकराला सरांशी बोलायचं होतं. आत हाक मारली, ओ आली नाही. मी टेबलावरची बॅटरी घेऊन आत गेलो. पांढरी. सरांची वही कुठे दिसते का, म्हणून चांगली पंधरा-वीस मिनिटं सगळीकडे उजेड टाकून शोधली. रोपांच्या रात्रीच्या मध्यावर! आमच्यात हे पाप समजतात. घाईत भान राहिलं नाही."

"आणि सर?"

"खोलीत कोणीच नव्हतं. कोपरा न् कोपरा पाहिला मी. बारा वाजल्यापासून सहापर्यंत मी सभागृहात होतो, वीस माणसांसमोर."

सुईनं मनातल्या मनात वेळा जुळवल्या. डॉक्टरांनी मृत्यूची वेळ दहा ते तीनच्या मधली सांगितली होती, त्या दमट खोलीत त्याहून नेमकं सांगता येईना. पावणेबाराला खोली रिकामी असेल, तर सर मेले ते दुपारी. आणि तिचा नवरा दुपारीच त्या खोलीकडे गेला होता.

"तो प्रयोग तर माझ्यामुळे वायाच गेला," साहेब म्हणाले. "खोली मोकळी केलीत की मी त्या कुंड्या फेकायला सांगतो. बघवत नाहीत मला." उठता उठता ते थांबले. "बाई, तिथं खाली कुठं... एखादी बॅटरीबिटरी नाही का सापडली?"

"नाही. का हो?"

"नाही, आपलं सहज. अंधारात येणारा माणूस काहीतरी घेऊन आला असेल, म्हणून."

साहेब गेल्यावर वायरमन आला. त्यानं खुर्चीत बसायलाही नकार दिला. होय, भांडण झालं होतं. दिव्यांचं घड्याळ चुकलं आणि सरांनी चारचौघांत त्याला निष्काळजी म्हटलं. त्याच्या तोंडून नको ते निघालं. सकाळपासून एकपर्यंत तो पलीकडच्या इमारतीच्या गच्चीवर दोन मदतनिसांबरोबर तारा ओढत होता.

"आणि दोनला?"

"अंधारखोलीच्या पंख्याची तक्रार होती. दारापर्यंत गेलो, ठोठावलं. आतून कोणी बोललं नाही. रोपांची रात्र चालू होती, म्हणून परत फिरलो."

"आत पाऊल नाही टाकलंत?"

"नाही."

तो हे बोलताना सुईकडे पाहत होता. सुईनं मान खाली घातली.

४

घरी सासूबाईंनी दार उघडलं, दोघांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं आणि काही न विचारता नातीला घेऊन शेजारी गेल्या. सुईनं बॅटरी स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवली.

वायरमननं तिची निळी पट्टी बोटांनी चाचपली. "ही कुठं मिळाली?"

"तुम्हीच सांगा."

"अगं, ही काल हरवली माझी! साहेबांच्या खोलीतला पंखा दुरुस्त केला, तिथंच विसरलो बहुतेक."

"बहुतेक?"

"बहुतेक म्हणजे... दिवसभरात मी दहा खोल्यांत जातो. मला काय माहीत!"

"ही सरांच्या शेजारी पडली होती. अहो, मी पोलिसांपासून लपवली. चोरून आणली." तिचा आवाज चिरकला. "मला खरं सांगा. ढकलाढकली झाली का? चुकून झालं का?"

त्यानं तिच्याकडे असं पाहिलं की तिला आपले शब्द परत गिळता आले असते तर तिनं गिळले असते. "तू माझ्यावर..." एवढंच म्हणून तो थांबला, आणि बाहेरच्या खोलीत जाऊन बसला.

पाचव्या दिवशी पोलीस त्याला घेऊन गेले. भांडण होतं, धमकी होती, दोन वाजता दारापाशी गेल्याची कबुली होती. तो निमूटपणे गेला. सुईनं बॅटरी पिठाच्या डब्यात खुपसली आणि रोज दहादा डबा उघडून ती आहे ना ते बघू लागली. रस्त्यात कोणी मागून चालत आलं तरी ती बाजूला होऊन त्याला पुढे जाऊ द्यायची.

छत्तीस कुंड्या साहेबांनी केव्हाच खतात टाकल्या होत्या. राहिल्या होत्या त्या चार, तिच्या खिडकीशी, मोठ्या दिवसाच्या दिव्यांखाली. शेंडा फिरला आहे की नाही हे कळायला बारा दिवस लागतात. आत पानच निघालं, तर साहेबांचं म्हणणं खोडायला काहीच उरत नव्हतं, पावणेबाराला खोली रिकामीच धरली गेली असती आणि तिचा नवरा खुनी ठरला असता. मग तिला स्वतःच्या सुईनं स्वतःच्या घराचा निकाल लावावा लागणार होता. लोंबी निघाली तर त्या खोलीत उजेड पडलाच नव्हता.

अकराव्या दिवशी ती रोपांना पाणी घालत होती. पाठीमागे हलक्या आवाजात कोणीतरी म्हणालं, "सुई, या कुठल्या कुंड्या गं?"

५

झारीतलं पाणी तिच्या पायावर सांडलं. उपप्रमुख साहेब दारात उभे होते.

बारा वर्षं तिनं या माणसाचा प्रत्येक प्रश्न खरं उत्तर देऊन सोडवला होता. का कोण जाणे, या वेळी तोंडातून खोटं निघालं, तेही सफाईनं. "विद्यार्थ्यांच्या, साहेब. साधं वाण आहे. शेंडा सोलायला शिकवायचाय."

साहेब जवळ आले. एक पान त्यांनी बोटांत धरून उलटं केलं, सोडलं. भात दिसायला भातासारखंच असतं, आतलं जनुक पानावर लिहिलेलं नसतं. कुंडी मात्र त्यांनी किंचित तिरकी केली. बुडाचा कागद दिसायला ती आणखी बोटभर कलली असती तरी पुरलं असतं.

"पाणी गळतंय, साहेब. कपडे भिजतील," सुई म्हणाली.

त्यांनी कुंडी खाली ठेवली. रुमालानं हात पुसला. "तुझ्या नवऱ्याचं ऐकून वाईट वाटलं. रागाच्या भरात होतं माणसाकडून." दारापाशी जाऊन ते पुन्हा वळले. "त्याची ती बॅटरी सापडली का गं शेवटी?"

"नाही," ती म्हणाली.

त्यांची पावलं बोळात विरली. सुईनं झारी खाली ठेवली. नवऱ्याची बॅटरी हरवली आहे, हे साहेबांना कोणी सांगितलं? तिनं नाही. नवऱ्यानं जबाबात बॅटरीचं नावही काढलं नव्हतं. ती साहेबांच्याच खोलीत राहिली, हे त्याचं म्हणणं खरं असलं तर? तिला अकरा दिवसांत पहिल्यांदा वाटलं की आपण लपवलेली वस्तू आपल्याच माणसाच्या गळ्याला फास होऊन बसली आहे.

ती तशीच घरी गेली आणि पिठानं माखलेली बॅटरी पदराखाली झाकून निरीक्षकबाईंच्या टेबलावर नेऊन ठेवली. आपण ती कुठून उचलली ते सांगितलं. साहेब काय म्हणाले ते सांगितलं. मग आता आपल्यालाच बेड्या पडणार म्हणून डोळे मिटून उभी राहिली.

बेड्या पडल्या नाहीत. शिव्या मात्र पडल्या, आणि त्या चांगल्या मोजून पाचेक मिनिटं पडल्या. त्या संपल्यावर बाईंनी नवी गोळी तोंडात टाकली. "आता एक सांगा. उद्या तुम्ही शेंडा सोललात आणि म्हणालात लोंबी आहे, तर कोर्टात तुमचं कोण ऐकेल? नवऱ्यासाठी पुरावा लपवणारी बाई तुम्ही."

"कोणी नाही."

"तुमच्याशिवाय शेंडा कोणाला वाचता येतो?"

"सरांना यायचा." सुईनं हातावरचं पीठ पदराला पुसलं. "आणि उपप्रमुख साहेबांना. त्यांची नजर माझ्याहून चांगली आहे."

"मग झालं तर," बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते पाहून सुईला साहेबांपेक्षा त्यांचीच जास्त भीती वाटली.

६

बाराव्या दिवशी सकाळी दहा वाजता सुई सूक्ष्मदर्शकापाशी बसली. शेजारी बाई, दाराशी शिपाई आणि टेबलावर चार कुंड्या. सुईनं पहिलं रोप मुळाशी कापलं आणि पानं सोलू लागली. एकाखाली एक, प्रत्येक आधीच्याहून कोवळं, शेवटी नुसता ओला पडदा. तेवढा एक पडदा राहिला आणि तिचा हात असा थरथरू लागला की सुई काचेवर टकटक वाजायला लागली.

तेव्हाच बाईंच्या निरोपावरून साहेब आत आले. "मला बोलावलंत?"

"या, या. या बाई मला त्यांचं काम दाखवतायत, पण आज त्यांचा हात चालत नाही. नवरा कोठडीत, समजू शकतो. मला नुसतं बघायचं होतं हो, शेंडा म्हणतात तो दिसतो कसा. तुम्ही जाणकार."

साहेबांनी थरथरत्या हाताकडे पाहिलं आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. चांगल्या कारागिराला वाईट हात बघवत नाही, तशी. "दे इकडं सुई. फाडशील ते."

सुई उठली. ते बसले. दोन बोटांत सुई धरून त्यांनी तो शेवटचा पडदा एका फटक्यात उचलला. सुईला काही दिसत नव्हतं, फक्त साहेबांची पाठ दिसत होती. तिनं मनात काहीच मागितलं नाही. मागायचं भान नव्हतं.

"हं," साहेब म्हणाले.

त्यांनी काच बोटभर फिरवली.

"लोंबी. सुंदर आहे. शेंडा लांबलाय, फांद्यांचे उंचवटे आलेत, केस फुटायला लागलेत. बघा बाई, हा उंचवटा."

सुईनं खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"म्हणजे याला रात्र मिळाली होती?" बाईंनी भाबडेपणानं विचारलं.

"अर्थात."

"अख्खी? मध्ये कोणी उजेड टाकला असता तर?"

"तर हे दिसलंच नसतं. पान दिसलं असतं."

"आणि केव्हाची रात्र, तेही कळतं का हो तुम्हाला?"

साहेबांनी पुन्हा डोळा लावला. विद्वान माणसाला कोणी कौतुकानं प्रश्न विचारला की त्याचं भान जातं. "बारा दिवस. फार तर तेरा." उरलेली तीनही त्यांनी सोलली. तीनही वेळा लोंबीच निघाली. शिपाई दारात उभ्याउभ्या सगळं लिहून घेत होता.

मग निरीक्षकबाईंनी पहिली कुंडी उचलली आणि सगळी माती टेबलावर सांडू देत ती उलटी केली. बुडाच्या कागदावर तारीख होती, संध्याकाळची वेळ होती आणि त्यांची स्वतःची वेडीवाकडी सही होती.

"बारा दिवस," बाई म्हणाल्या. "बरोबर ओळखलंत."

७

साहेब हलले नाहीत. तिची सुई अजून त्यांच्या बोटांत होती.

"मला शाळेतल्या पोरीसारखं समजलंय ते सांगते, चुकलं तर सुधारा," बाई म्हणाल्या. "खोली रिकामी होती हे अंधारात कोणाला सांगता येत नाही. म्हणून तुम्हाला पांढरा उजेड लावल्याचं सांगावं लागलं. त्या एका थापेनं तीन कामं केली. सर दुपारी मेले असं ठरलं, दुपारी तुम्ही वीस माणसांत होता. प्रयोग वाया गेला असं ठरलं, मग कुंड्या फेकायला कारण मिळालं. आणि माणसानं आपणहून एक पाप कबूल केलं की मोठं पाप त्याला कोणी विचारत नाही. पण उजेड पडलाच नाही, हे आत्ता तुम्हीच सांगितलंत. मग खोली रिकामी होती हेही खोटं. सर दहापासून स्टुलावर बसले होते, राखण करत. आणि या रोपांना रात्र मोजता येते, हेही तुम्हीच दाखवलंत. म्हणजे जनुक झोपवलेलं नाही. सरांना हेच बघायचं होतं."

"वायरमनची बॅटरी तुमच्या खोलीत राहिली होती," सुई एकदम म्हणाली. आपला आवाज इतका स्पष्ट निघेल असं तिला वाटलं नव्हतं. "ती घेऊन तुम्ही गेलात. रोपांवर उजेड टाकायला. रोपं लोंबीवर आली नसती, तर तुमचा दावा टिकला असता."

साहेबांनी सुई टेबलावर ठेवली. नीट, सुईच्या डबीत, टोक आत करून.

"मला माहीत नव्हतं ते आत आहेत," ते म्हणाले. "हिरवा दिवा त्यांनी झाकून धरला होता. मी रोपांपाशी पोचलो आणि कोणीतरी माझा हात धरला. अगदी कानाशी म्हणाले, मला वाटलंच होतं तू येशील. मी घाबरलो. नुसता झटका दिला. आवाज झाला तो... तो गाडीचा वाटला मला. मग हाका मारल्या. ओ आली नाही."

"बॅटरी हातात होती तुमच्या," निरीक्षकबाई म्हणाल्या. "मला हेच कळत नाही. तुम्ही ज्यासाठी आत गेलात ते काम पाव तासाचं. तेवढा वेळ बॅटरी लावली असती, तर या चारही शेंड्यांनी तुमच्याच बाजूनं साक्ष दिली असती. मी हात चोळत बसले असते. का नाही लावलीत?"

साहेबांनी त्या उलट्या कुंडीकडे पाहिलं.

"लावली असती तर सर दिसले असते," ते म्हणाले.

ते एवढ्या लहान आवाजात म्हणाले की दाराशी लिहिणाऱ्या शिपायानं मान वर करून विचारलं, काय? कोणीच त्याला पुन्हा सांगितलं नाही. बॅटरी त्यांच्या हातून गळून पडली होती आणि शोधायला खाली वाकायची त्यांची हिंमत झाली नव्हती. भिंत चाचपत ते बाहेर पडले होते.

चारच्या सुमाराला वायरमनला सोडलं. सुई कोठडीच्या इमारतीबाहेर उभी होती. तो आला, दाढी वाढलेला, अंगावर तेच कपडे. ती काही बोलायच्या आत तोच बोलला, आणि हसून बोलला.

"मला आत काही वाटत नव्हतं बघ. म्हटलं, बाहेर ती आहे ना. तिला माझी खात्री आहे. ती काढेल शोधून."

या वाक्यावर गप्प बसणं किती सोपं होतं! बायका संसारात याहून मोठ्या गोष्टी गिळून बसतात. पण सुईनं आयुष्यभर जे दिसेल ते सांगायचंच काम केलं होतं, आणि दिसेल या भीतीनं उजेडच न लावणाऱ्या माणसाचं काय झालं तेही तिनं आज सकाळी पाहिलं होतं.

"नव्हती," ती म्हणाली. "मला खात्री नव्हती. साहेबांनी लोंबी म्हणेपर्यंत मनातून जात नव्हतं, तुम्हीच असाल."

तो थांबला. गाड्या जात होत्या, माणसं बाजूनं जात होती. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही, हळूहळू गेलं.

"आणि पान निघालं असतं तर?" त्यानं विचारलं. "तर सांगितलं असतंस?"

सुईच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. "सांगितलं असतं," ती म्हणाली.

त्यानं मान हलवली. मग तो चालायला लागला, तिच्यापुढे दोन पावलं. सुई मागून चालत राहिली. त्यानं पाय उचलला की ती उचलायची, तो हळू झाला की ती हळू व्हायची, पण ती दोन पावलं काही कमी होईनात. घराचं वळण जवळ आलं तरी तो थांबला नाही. बारा दिवसांत तिला खुनी माणसाची भीती वाटली होती, पोलिसांची वाटली होती, स्वतःच्या सुईची वाटली होती. पण या पाठमोऱ्या माणसाची वाटत होती तेवढी भीती तिला आजवर कशाचीच वाटली नव्हती, आणि तो मागे वळून बघायला अजून तयार नव्हता.